न जुळलेली सही

६ मे, मंगळवार

आज शाळा मंडळाच्या सभेत जे झालं ते क्रमाने:

१. संध्याकाळी ६.०५ला बोलणाऱ्यांच्या यादीत नाव लिहिलं. माझा क्रमांक चौथा.
२. विषय: शाळेपासून दीड मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांची बस सप्टेंबरपासून बंद करणे.
३. मी मोजलेले आकडे नेले होते. धान्याच्या कोठारासमोर हमरस्ता अठ्ठेचाळीस फूट रुंद आहे. लहान मूल सेकंदाला साडेतीन फूट चालतं. म्हणजे ओलांडायला चौदा सेकंद लागतात. सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात चौदा सेकंदांची फट अकराच वेळा मिळते. तिथून ओलांडावं लागेल अशी मुलं त्रेसष्ट.
४. बोलायला तीन मिनिटं. टेबलावर छोटा सिग्नल ठेवलेला असतो. हिरवा, पिवळा, लाल.
५. लाल लागला तेव्हा मी 'अकरा वेळा' म्हणत होते. 'त्रेसष्ट' राहिलं.
६. अध्यक्ष गॉर्डन प्रूइट म्हणाले, "छान, लेनोर. बापाला नमस्कार सांग." लोक हसले.
७. ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर.
८. प्रूइट यांची जागा, क्रमांक तीन, या नोव्हेंबरात निवडणुकीला आहे. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच.

आठवा मुद्दा मी घरी आल्यावर शोधून काढला. का शोधला ते माहीत नाही. त्यांच्या सिग्नलचा पिवळा दिवा दोनच सेकंद लागतो. मी काउंटीच्या रस्ते खात्यात सिग्नलचंच काम करते. दोन सेकंदांचा पिवळा मी कुठल्याही चौकात लावू देणार नाही.

९ मे, शुक्रवार

४.४८ला अर्ज भरला. निवडणूक कार्यालयातली बर्नीस म्हणाली, "तू ना? मला वाटलं कोपऱ्यावरचा सिग्नल बघायला आलीस."

"तोही बघते."

"आधी इथे सही कर."

बाहेर येऊन मोटारीत बसले आणि नाडी मोजली. एकशे चार. मी धावले नव्हते.

११ मे, रविवार

डॅडला सांगितलं. तो सव्वीस वर्षं शाळेची नऊ नंबरची बस चालवतो, त्यामुळे त्याला बाहेरून कळण्याआधी सांगणं योग्य वाटलं.

"गॉर्डनविरुद्ध?"

"हो."

"त्याने तुला सॉफ्टबॉल शिकवला, लेनी."

"चेंडू मारायला शिकवला. तेच करतेय."

डॅड इतका हसला की कॉफी टेबलावर सांडली. कप अर्धाच भरलेला होता. मग म्हणाला, "हरलीस तर माझ्या बसमध्ये बसायचं नाही." म्हणजे त्याची हरकत नाही.

२८ जून, शनिवार

मिसेस ओपल ट्रिंबल माझ्या प्रचारप्रमुख आहेत. मी नेमलं नाही, त्यांनी कळवलं. वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. गावातला प्रत्येक माणूस त्यांना तो लहानपणी काय खात नव्हता यावरून आठवतो. आज आम्ही एकतीस दारं केली.

"पोरी, तू दार उघडल्या उघडल्या 'चौदा सेकंद' म्हणतेस. लोकांना वाटतं पिझ्झावाली आली."

"मग काय म्हणू?"

"पोरांची नावं विचार. मग तोंड बंद ठेव. गप्प उभं राहिलेलं माणूस कोणाला सोसत नाही. आपोआप बोलायला लागतात."

करून पाहिलं. सतराव्या दारातली बाई बावीस मिनिटं बोलली. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "माझं मत तुला, पक्कं." मी आकडा सांगितलाच नव्हता. ही पद्धत कशी चालते ते मला समजलेलं नाही. पण चालते.

१२ जुलै, शनिवार

मिसेस ट्रिंबलनी चाळीस पाट्या लावल्या होत्या. मी टेप घेऊन फिरले. अकरा पाट्या रस्त्याच्या सरकारी हद्दीत होत्या. काढल्या.

"स्वतःच्याच पाट्या उपटणारी उमेदवार! देवा, मी काय पाप केलं होतं?" मिसेस ट्रिंबल भर रस्त्यात ओरडल्या. "गॉर्डनच्या उपटल्यास का?"

"त्यांच्या चौदा हद्दीत होत्या. त्यांना फोन केला."

"फोन केला! पत्र नाही का पाठवलंस, फुलं वगैरे?"

तासाभराने प्रूइट आपल्या टायरच्या दुकानाची गाडी घेऊन स्वतः आले, चौदाही काढल्या आणि जाताना माझ्याकडे बघून टोपी उचलली. चांगलं दिसायचा प्रयत्न असावा.

दुपारी डॅड मदतीला आला. हातोडा मात्र मलाच दिला. "तुझी निवडणूक, तूच ठोक." त्याने खुंटे बुटाने दाबून धरले. एकोणतीस पाट्या नियमाप्रमाणे उभ्या आहेत. संध्याकाळी विनाकारण तीनदा त्या रस्त्याने गाडी नेली.

३ सप्टेंबर, बुधवार

शाळा सुरू. ७.३०ला कोठारासमोर उभी राहिले. गव्हाच्या ट्रकांचा हंगाम आहे.

पाचवीतली एक मुलगी दोन भावांचे हात धरून चार मिनिटं दहा सेकंद उभी होती. मग तिने फट बघितली आणि पळाली. मी बघितलेली फट नऊ सेकंदांची होती. मधल्या भावाचा बूट रस्त्यात निघाला आणि तो घ्यायला वळला. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला. ट्रक तिरपा होऊन थांबला. कोणाला काही झालं नाही.

मी ओरडले होते हे मला ट्रकवाल्याने सांगितलं.

आता मला जागा क्रमांक तीन हवीच आहे. मे महिन्यात हवी होती त्याहून वेगळ्या तऱ्हेने हवी आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उमेदवारांची जाहीर सभा. शेतकरी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. दोन मिनिटं होती. या वेळी 'त्रेसष्ट'पासून सुरुवात केली आणि १.५२ला थांबले. आठ सेकंद उरले, ते गप्प उभी राहून घालवले. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळे उभे राहिले. एवढ्या लोकांचा आवाज एकदम अंगावर येणं म्हणजे काय ते मला आज कळलं. पुन्हा व्हावं असं वाटतं.

प्रूइट ओरडले नाहीत. म्हणाले, "बस बंद करायची हौस मला नाही. नऊ बसगाड्या आहेत, चालक सात. जाहिरात देऊन दीड वर्ष झालं. आर्नेसारखी माणसं किती उरलीत, सांगा." आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या डॅडकडे बघितलं. सगळ्यांनी वळून बघितलं. डॅडने खिशातले हात काढले नाहीत, नुसती मान हलवली.

मुद्दा खरा आहे. निवडून आले तर पहिलं काम चालक शोधणं. वहीत लिहून ठेवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

टपालाने मतपत्रिका आल्या. छापलेलं स्वतःचं नाव चार वेळा वाचलं. मग मत दिलं, पाकिटावर सही केली, पेटीत टाकून आले. एकूण सहा मिनिटं.

डॅडने त्याची फ्रिजच्या वर ठेवली. "वेळ आहे अजून. लाच किती देतेस ते बघतो."

४ नोव्हेंबर, मंगळवार

डॅडने पाकीट आज, पेटी बंद व्हायला वीस मिनिटं असताना टाकलं. शेवटच्या तासात टाकणाऱ्या लोकांना मी कधीच समजू शकलेले नाही.

८.१५ला पहिला आकडा. प्रूइट ४,११८. हॉल्वर्सन, म्हणजे मी, ३,९०२. मिसेस ट्रिंबलच्या गॅरेजमध्ये वीस माणसं आणि बारा लिटर चिलीचा रस्सा. सगळे गप्प.

"अरे, मयताला आलात का?" त्यांनी डावाने पातेलं बडवलं. "उशिरा मत टाकणारे आपलेच असतात! तरुण, आळशी आणि रागावलेले. खा आता, उरलं तर डब्यात कोण भरणार?"

दोनशे सोळांनी मागे. मी दोन वाट्या खाल्ल्या.

५ नोव्हेंबर

मागे १३१!

६ नोव्हेंबर

मागे ५८. कार्यालयात फळ्यावर रोज चार वाजता आकडा लावतात. आज तिथे ३.२०लाच पोचले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मागे २२. आता खरा खेळ. पाकिटावर सही नसेल किंवा नोंदीतल्या सहीशी जुळत नसेल तर ते पाकीट न उघडता बाजूला ठेवतात. मतदाराला फॉर्म जातो. त्यावर सही करून २४ तारखेला, सोमवारी, साडेचारच्या आत परत दिला तर मत धरतात. अडकलेल्यांची यादी कोणालाही मिळते, त्यामुळे दोन्ही बाजू दारोदार फिरतात. पाकिटात मत कोणाचं ते कोणालाच माहीत नसतं.

सत्तेचाळीस नावं. गल्लीवार लावली. सर्वांत कमी अंतराचा मार्ग काढायला चाळीस मिनिटं लागली. इतका सुंदर नकाशा मी नोकरीत कधी काढला नव्हता.

१० नोव्हेंबर, सोमवार

एका दिवसात अकरा!

एकोणीस वर्षांच्या मुलाने सहीऐवजी मासा काढला होता. नव्या नवरीने नवं आडनाव लिहिलं होतं. नव्वदीच्या मिस्टर ऑल्डनबर्गनी सहीच केली नव्हती. "सत्तर वर्षं मत देतोय. माझ्यावर विश्वास नाही का त्यांचा?"

"विश्वास आहे, ऑल्डनबर्ग आजोबा. फक्त सही हवी," मी म्हणाले.

तेवढ्यात त्याच पायऱ्यांवर प्रूइट आले. त्यांच्या हातातही तीच यादी.

"वा," मिस्टर ऑल्डनबर्ग म्हणाले. "दोघं एकदम! आता तर मी कोणाला मत दिलं ते मेलो तरी सांगणार नाही." पेन प्रूइटनी दिलं, फॉर्मखाली धरायला पुठ्ठा मी दिला.

उतरताना प्रूइट हळूच म्हणाले, "लेनोर, आर्ने कसा आहे? थोडी सुट्टी घे म्हणावं त्याला."

"बरा आहे. सुट्टीची गरज नाही."

त्यांनी यादीची घडी घातली आणि पुढच्या दाराकडे गेले. डॅड सुट्टीवर गेला तर चालकांची टंचाई दिसेल आणि त्यांचा मुद्दा सिद्ध होईल, असा हिशेब असणार. डॅडला निरोप दिला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेवटच्या दिवशीची पाकिटं तपासून झाली. यादीत नऊ नवी नावं. सातवं: हॉल्वर्सन, आर्ने. कारण: सही जुळत नाही.

मी फळ्यासमोर मोठ्याने हसले. बर्नीसने वर बघितलं. लगेच डॅडला फोन केला.

"गाडीच्या टपावर ठेवून केली होती," तो म्हणाला. "वारा होता."

"फॉर्म आला?"

"आला असेल."

"आज येते, सही कर, मीच परत नेऊन देते."

"माझं टपाल मला वाचता येतं, लेनोर."

तो मला लेनोर म्हणत नाही. थकला असावा.

१४ नोव्हेंबर

मागे ९. मिसेस ट्रिंबल आजारी, तरी चौदा दारं. खोकत खोकत सही घेतात. लोक घाबरून पटकन करतात.

१७ नोव्हेंबर

मागे ३! डॅडला आठवण केली. म्हणाला, करतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मागे १.

"तुझ्या बापाचा फॉर्म कुठंय?" मिसेस ट्रिंबल.

"देईल."

"सत्तेचाळीस परक्या दारांत जाऊन दात दाखवलेस आणि बापाच्या दारात जाता येत नाही? मी जाते. तो दुसरीत असल्यापासून मला घाबरतो."

नको म्हणाले. डॅड सांगितलेलं काम करतो. उशिरा करतो, पण करतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता: प्रूइट ५,४८७. हॉल्वर्सन ५,४८७.

मिसेस ट्रिंबल कार्यालयाच्या बोळात नाचल्या. खरोखर नाचल्या. बर्नीस म्हणाली, "बाई, हे सरकारी कार्यालय आहे," आणि मग स्वतःच हसू लागली. कोणीतरी मला उचललं. मला उचललेलं आवडत नाही. आज चाललं.

फेरमोजणी होणारच. त्यानंतरही बरोबरी राहिली तर चिठ्ठी काढतात. साडेसहा महिने आणि जवळजवळ अकरा हजार मतं, आणि शेवटी एक चिठ्ठी. ती टाळायला एक मत पुरे आहे. यादीत तीन नावं उरली. दोघं राज्याबाहेर गेलेत, सापडत नाहीत. तिसरा डॅड.

तिथून थेट बसच्या आवारात गेले. नऊ नंबर परतली नव्हती. डॅडच्या गाडीत बसून वाट बघितली. फॉर्म तिथेच होता, दोन आसनांच्या मध्ये, कोरा. खाली मार्गाचा जुना कागद. कागदाच्या मागे सह्या. आर्ने हॉल्वर्सन, आर्ने हॉल्वर्सन. एकतीस.

घाईत केलेल्या सहीत रेघ लांबते आणि अक्षरं एकमेकांत जातात. या सह्यांत तसं नव्हतं. रेघ सरळ जायला निघते आणि वर-खाली होत राहते, सारख्या अंतराने, एकाच उंचीची. वाऱ्याने असं होत नाही. कागद मी दोनदा उलटा करून बघितला.

४.५०ला बस आली. डॅड दांडा दोन्ही हातांनी धरून उतरला. मला गाडीत बघून थांबला. मग आत येऊन बसला.

"कधीपासून?"

"थंडी आहे, लेनी."

"कधीपासून?"

"वसंतापासून." त्याने उजवा हात मांडीखाली ठेवला. "स्टिअरिंग धरलं की थांबतो. खरंच थांबतो."

"नेहमी?"

त्याने डाव्या हाताने समोरची काच पुसली.

"प्रूइटना माहीत आहे?"

"टायर बदलताना बघितलं त्याने. ऑगस्टात. डॉक्टरकडे जा म्हणाला. मी म्हटलं, निवडणुकीनंतर. आत्ता काम सुटलं तर लोक म्हणतील, पोरगी बस सुरू ठेवा म्हणते आणि बापाचीच बस बंद."

"त्यांनी कोणाला सांगितलं नाही."

"गॉर्डन तसा नाही."

बाहेर डेल कडोटा आवाराचं फाटक लावत होता. डेल बसगाड्यांचा प्रमुख आहे. त्याने आम्हाला हात केला. आम्ही दोघांनी हात केला. डॅडने डावा.

"हे बघ," डॅड म्हणाला, "सही आत्ता करतो. तू इथे बसलीस तर जमेल. तू जिंकशील. बाकीचं ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत राहू दे. मग मीच सांगतो. दोन आठवडे तर राहिलेत."

"अठरा दिवस. शाळेचे."

"अठरा. तुला सगळं मोजायलाच हवं का?"

त्याने पेन काढलं. टोपण दोन प्रयत्नांत निघालं. मी दार उघडून उतरले. फॉर्म होता तिथेच ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मला जिंकायचं आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी नाही म्हणता येणार नाही. सकाळी तीन वेळा फोन हातात घेतला. 'ठीक आहे' एवढं म्हटलं की पुरे होतं.

प्रूइट यांच्याबद्दल मी या वहीत दोन ठिकाणी जे लिहिलं आहे ते चुकीचं आहे. खोडत नाही. चूक म्हणून राहू दे.

डॅडच्या दारातून आत टाकायला पत्र लिहिलं. नक्कल:

डॅड,

तोंडाने बोलताना मी मधेच उतरून जाते, म्हणून लिहिते.

सही तुझी आहे. करायची तर कर, नको तर नको. कधी आणि कशी केलीस ते मला सांगू नकोस. त्याच्या बदल्यात मी काही देणार नाही, गप्प बसणंसुद्धा नाही. मिसेस ट्रिंबलना तुझ्या दारात जायचं नाही असं सांगितलं आहे. त्या चिडल्या आहेत, पण येणार नाहीत.

बसचं वेगळं आहे. सोमवारी ६.१०ला नऊ नंबर निघते. तिच्यात एकेचाळीस मुलं बसतात. तू ती चालवू नयेस. डेलला हे तू स्वतः सांगावंस अशी माझी इच्छा आहे. तू सव्वीस वर्षं चालवली आहेस, सांगायचा हक्क तुझा आहे. तू सांगितलं नाहीस तर सोमवारी पहाटे पाच वाजता मी सांगेन. हे तुला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

माझ्यामुळे एक चालक कमी होईल आणि लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. म्हणू देत. हात का हलतो ते आपल्याला माहीत नाही. कदाचित औषधाने थांबेल, कदाचित नाही. तुला भीती वाटते हे मला काल दिसलं. मलाही वाटते.

आज सकाळी दवाखान्यात फोन केला. मंगळवारी सव्वानऊची वेळ मिळाली आहे. त्याच दिवशी दहाला निकालावर शिक्कामोर्तब होतं. मी तिथे नसेन, तुझ्याबरोबर असेन. आकडा बर्नीस फोनवर सांगेल.

मला दोन गोष्टी कळव. डेलशी बोललास का, आणि मंगळवारी तुला न्यायला किती वाजता येऊ. उत्तर उद्या, रविवारी २३ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत दे.